फ्लॉवर जायचा, शिरा यायचा

आमच्या फ्रिजच्या दारावर काही महिने एक तक्ता होता. वर ठळक अक्षरांत 'रात्रीचे जेवण : साप्ताहिक नियोजन', खाली सात वारांचे सात रकाने आणि प्रत्येक रकान्यात भाकरी किंवा पोळी, डाळ, भाजी, कोशिंबीर. तक्ता नवऱ्याने केला होता. तो अंबडच्या एका कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघतो, त्यामुळे घरात काहीही बिनसलं की त्याचा हात आधी पट्टीकडे जातो. तक्त्याला त्याने लॅमिनेशनही करून आणलं होतं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लॅमिनेशन केलेली वेळापत्रकं, नियमावल्या आणि उद्दिष्टं बघण्यात माझी निम्मी नोकरी गेली आहे. प्लास्टिकच्या आत कागद सुरक्षित राहतो, बाहेर जग आपल्या पद्धतीने चालतं, एवढं मला त्यातून कळलेलं आहे.

तक्त्यामागचं कारण मात्र चेष्टेचं नव्हतं. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांना मीही आईच म्हणते. सासरे गेल्यावर त्या सायखेड्याहून आमच्याकडे, पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. गावाकडचं शेत आता त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे नवऱ्याचा मामा, बघतो. आई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण रोज सकाळी पेपर उघडून बाजारभावाचं पान वाचल्याशिवाय चहा घेत नसत. विकायला त्यांच्याकडे कांद्याची एक पातसुद्धा उरली नव्हती. तरी भाव पडला की त्यांचा चेहरा पडायचा, चढला की दुसरा कप चहा. गेल्या वर्षापासून ते पान त्यांना दिसेनासं झालं. मग आमची मुलगी क्लासला पळता पळता त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची, आणि तिला गाळण्याची घाई.

"कोथिंबीर सांगितली नाय तू," आई म्हणायच्या.

"आजी, कोथिंबीर कालच्याएवढीच आहे."

"काल पण नव्हती सांगितली."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ऑपरेशन साधं आहे, पण रक्तातली साखर इतकी असताना मी हात लावणार नाही. जखम भरायला वेळ लागेल, जंतुसंसर्गाची भीती. आधी साखर खाली आणा. गोळ्या चालूच होत्या. साखरेच्या डॉक्टरांनी दिवसभराचा आहार विचारून घेतला आणि रात्रीच्या जेवणावर बोट ठेवलं. आमचं रात्रीचं जेवण म्हणजे दहाला, मुलगी क्लासहून आल्यावर, भात, बटाटा आणि जे लवकर होईल ते. "ते साडेसातला घ्या, आणि त्यात धान्य बदला," ते म्हणाले. आईंनी एकच विचारलं, "मग मला पेपर वाचता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, येईल. त्या एका शब्दावर घरात तक्ता आला.

त्यात आणखी एक अट होती. मुलीचं बारावीचं वर्ष होतं आणि क्लासची फी हा विषय आम्ही जेवताना काढत नसू. किराणा आणि भाजीला जेवढे लागत होते तेवढ्यातच हे नवं जेवण बसवायचं, असं ठरलं. पौष्टिक आणि स्वस्त हे दोन शब्द एका यादीवर लिहून दुकानात गेलं, की दुकानदार त्यातला एक पुसून परत देतो. आमच्याकडे ज्याला नागली म्हणतात ती गुळगुळीत पाकिटात शिरली की तिची नाचणी होते आणि पाकिटावर एक व्यायाम करणारी बाई येते. त्या बाईचे पैसे आपण भरतो. मी दोनदा भरले, मग चक्कीवाल्याकडे सुटी नागली मिळते हे शोधून काढलं.

शोधून काढण्याची मला तेव्हा खरंच गोडी लागली होती. मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवली तर मूठभराचं पातेलंभर होतं, हे मला माहीत होतं. पण त्याच मटकीची एक दिवस उसळ, दुसऱ्या दिवशी कांदा-टोमॅटो घालून कोशिंबीर आणि तिसऱ्या दिवशी भाकरीच्या पिठात कुस्करून थालीपीठ केलं तर घरात कुणाच्याही लक्षात येत नाही, हे नव्याने कळलं. संध्याकाळी बाजार उठायच्या सुमाराला पालेभाजीवाल्या जुड्या मोजत नाहीत, वाटे लावतात, हेही कळलं. फक्त तेव्हा काय मिळेल ते आपल्या हातात नसतं. तक्त्यात गुरुवारी मेथी असायची आणि बाजारात गुरुवारी चाकवत. नवरा यावर नाराज व्हायचा.

"मेथीच्या जागी चाकवत म्हणजे प्लॅनमधून विचलन झालं," तो म्हणाला.

"चाकवताला सांग," मी म्हटलं.

तरी एकूण ते जमत गेलं. ज्वारीची भाकरी आणि पातळ पालेभाजी, मुगाची खिचडी आणि ताकाची कढी, कुळथाचं पिठलं, नागलीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. साडेसातला ताटं. मुलीचं झाकून ठेवलेलं. आई कधी नावं ठेवत नसत. त्या थोडंच खायच्या, अर्धी भाकरी, वाटीभर भाजी, आणि "पोट भरलं" म्हणून हात धुवायच्या. नवऱ्याला त्याचं फार कौतुक. भूक कमी होणं हा धान्य बदलल्याचा परिणाम आहे, असं तो शेजाऱ्यांनाही सांगू लागला. महिन्याच्या शेवटी किराण्याची पावती बघून त्याने आणखी एक यश जाहीर केलं. घरात साखर आणावी लागली नव्हती. "बघ," तो म्हणाला, "सवयी बदलल्या की वापर आपोआप घटतो." पुढच्या महिन्यातही साखर आणावी लागली नाही. मी डबा उघडून बघितला तर तो भरलेला होता. मला जरा नवल वाटलं, पण जे घरात आहे त्याची चौकशी माणूस करत नाही, जे नाही त्याची करतो.

मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी झाली. साखर वाढली होती.

नवऱ्याचा विश्वास तक्त्यावर होता, त्यामुळे त्याने प्रयोगशाळा बदलली. दुसऱ्या प्रयोगशाळेत ती आणखी किंचित जास्त निघाली. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि ऑपरेशन पुढे ढकललं. घरी आल्यावर आईंनी पेपर घडी घालून टीपॉयखाली ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी वाचायला बसली तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. कोणचे भाव नि कोणाला पाहिजेत."

मला ते वाक्य आवडलं नाही. आणि मला ते गणितही सुटत नव्हतं. मी रोज त्यांचं ताट वाढत होते, त्यात काय जातंय ते मला दिसत होतं. अर्ध्या भाकरीवर साखर वाढते कशी?

इथे वानवळ्याबद्दल सांगायला हवं. शेतात जे येतं त्यातलं थोडं आपल्या माणसांच्या घरी पोचवायचं, त्याला आमच्याकडे वानवळा म्हणतात. त्याचे पैसे द्यायचे नसतात आणि तो नको म्हणायचा नसतो. मामा मार्केट यार्डात माल घेऊन आला की परतीच्या वाटेवर आमच्या गेटपाशी पिकअप थांबवून एक गोणी वॉचमनजवळ ठेवून जायचा. त्या हंगामात त्याच्याकडे फ्लॉवर होता. वानवळ्याचं एक वैशिष्ट्य माझ्या लक्षात आलं होतं: बाजारात भाव पडला की तो वाढतो. भाव बरा असला की पिशवी, फारच पडला की गोणी. आईंना पेपर वाचता येत नव्हता, पण गोणीला हात लावून त्या फ्लॉवरचा भाव बरोबर सांगायच्या.

तक्त्यात फ्लॉवरला फक्त शनिवार दिलेला होता. नवरा गोणीला 'अनियोजित आवक' म्हणायचा. पण दोन-तीन दिवसांत ती गोणी नाहीशी व्हायची. आई बिल्डिंगमध्ये वाटून टाकत असणार हे आम्हाला माहीत होतं, आणि त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. तुरे कापून, निवडून, मिठाच्या पाण्यातून काढून त्या स्टीलच्या डब्यांमधून, पातेल्यांमधून घरोघर पोचवायच्या. भिंतीला हात लावत, जिन्याचा कठडा धरत. समोरच्या वहिनी, खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका काकू, आणखी तीन-चार घरं. दुपारी, आम्ही सगळे बाहेर असताना.

एका दुपारी आमच्या कॉलेजात नव्या वाचनकक्षाचं उद्घाटन होतं. वाचनकक्ष जुनाच होता, खुर्च्या नव्या होत्या. प्रमुख पाहुण्यांसाठी रांगोळी, फीत, ताटात कात्री, कात्रीखाली लाल मखमल. पाहुणे दुसऱ्या एका उद्घाटनात अडकले आणि आम्हाला अर्ध्या दिवसाची सुटी मिळाली. फीत तशीच राहिली. पुढे बरेच दिवस मुलं तिच्याखालून वाकून वाचायला जात होती.

मी घरी आले तेव्हा आई जेवणाच्या टेबलापाशी बसलेल्या. समोर चार भांडी, झाकणं काढलेली. एकात शिरा, एकात गुळाची लापशी, एकात शेवयांची खीर. चौथ्यात नुसती साखर, तळ झाकेल एवढी. आईंच्या हातात चमचा होता. त्यांना मी दिसले नाही, पण चपलेचा आवाज ओळखीचा.

"आज लवकर आली गं?"

"पाहुणे आले नाहीत. आई, हे काय?"

"काय म्हंजी? भांडी आली परत."

"भरून?"

"मग रिकामी येत्यात व्हय भांडी?"

नाही येत. हे मलाही लहानपणापासून माहीत होतं. कुणी भांड्यातून काही दिलं की ते भांडं रिकामं परत करायचं नसतं. घरात केलेलं काहीतरी घालायचं, आणि काहीच नसलं तर चिमूटभर, मूठभर साखर. मी स्वतः हे करत आले आहे. फक्त या नियमाची दुसरी बाजू मी कधी पाहिली नव्हती. एक बाई आठवड्यातून दोनदा सहा घरी फ्लॉवर देते, म्हणजे आठवड्यातून दोनदा तिच्याकडे सहा घरांचं गोड येतं. आम्ही संध्याकाळी नागली मोजत होतो, आणि दुपारी त्याच घरात फ्लॉवर जायचा, शिरा यायचा.

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मला आधी सगळं जाणून घ्यायचं होतं. मी खुर्ची ओढून बसले.

"हा शिरा कुणाचा?"

"समोरचीचा. तूप हात राखून घालते, पण रवा चांगला भाजते. ही लापशी खालच्या बाईंची. मास्तरीण हाय ना, जायफळसुद्धा मापात."

"आणि ही साखर?"

"वरच्या पोरीची. तिला नोकरी हाय, वेळ नसतो बिचारीला. ती मी आपल्या डब्यात ओतते." मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. "दोन महिन्यांत साखर आणावी लागली का तुला?"

मी म्हटलं, नाही.

"मग. आपल्या पोरीच्या क्लासला एवढे पैसे चालले. माझं एक तोंड वाढलं तुमच्यात. जेवढं होईल तेवढं."

"आई, पण डॉक्टरांनी सांगितलंय ना गोड नाही म्हणून."

"चहा बिनसाखरेचा घेते की मी. हे गोड म्या कुठं केलंय? लोकांनी दिलेलं हाय. अन्न टाकायचं व्हय?" आणि थोड्या वेळाने, "लापशी तर गुळाची हाय."

रात्री अर्ध्या भाकरीवर भूक भागायची ती अशी.

मी संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. इतकंच म्हटलं की आपण दोघं मिळून आईंशी बोलू, आणि वहिनींशी मी बोलेन. पण तो नियोजनातला माणूस. समस्या सहा घरांत असेल तर सहा वेळा बोलणं त्याला अपव्यय वाटतो. त्याने सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला. तो मला अजून जवळजवळ पाठ आहे. 'सर्व सन्माननीय सभासदांस नम्र विनंती. आमच्या मातोश्रींना मधुमेहाचा विकार असून त्यांची नेत्रशस्त्रक्रिया प्रलंबित आहे. तरी वैद्यकीय कारणास्तव कोणीही त्यांना गोड पदार्थ देऊ नयेत. आपल्या सहकार्याबद्दल आभार.' खाली सगळ्यांचे जोडलेले हात आले. वॉचमनचाही.

दोन दिवसांनी मी घरी आले तर ओट्यावर सगळी भांडी उपडी होती. घासलेली, पुसलेली, चकचकीत. आई खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

"सगळ्यांनी रिकामी दिली," त्या म्हणाल्या. "एकीनं नाय, सगळ्यांनी. त्यानं माझा आजार पेपरात दिला."

"ग्रुपवर टाकला, आई."

"तेच ते."

आमच्याकडे रिकामं भांडं परत येणं म्हणजे नुसतं रिकामं भांडं नसतं. तुमचं आमचं संपलं, असा त्याचा अर्थ होतो. तसा कुणाचाच हेतू नव्हता, पण अर्थ हेतूला विचारून येत नाही. आईंचं जिन्यात जाणं बंद झालं. दुपारचं गोड तर गेलंच, पण रात्रीची अर्धी भाकरीही चतकोरावर आली. वाढवलेली गोळी पोटात आणि वर अन्न नाही. एका संध्याकाळी मोरीतून येताना त्यांना घेरी आली, दाराला धरून खाली बसल्या. डॉक्टरांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं: साखर वाढणं वाईट, पण ही अशी एकदम खाली जाणं त्याहून वाईट. त्या नीट जेवणार नसतील तर ऑपरेशनचं विसरा.

नवरा तक्त्यासमोर उभा राहिला. तक्त्यात रुसण्याला रकाना नव्हता.

त्याच आठवड्यात मामा आला. या वेळी वॉचमनकडे न ठेवता गोणी खांद्यावर घेऊन वर आला, कारण आईंनी मुलीकरवी त्याला फोनवर निरोप दिला होता की आता आणू नको.

"आक्का, वानवळा नको म्हंती व्हय?" त्याने दारातूनच विचारलं.

"कोणाला द्यायचा?"

"तुम्ही खा."

"किती खायचा? लय हाय तो."

"मग मी काय करू? लय हाय म्हणूनच तर आणतो ना. थोडा असता तर इकला नसता व्हय?"

आई हसल्या. बऱ्याच दिवसांनी. पण गोणीला हात लावला नाही. मामा चहा पिऊन गेला आणि जाताना मला जिन्यात म्हणाला, "आक्काला जरा खाली-वर करू द्या. बसून माणूस गंजतं."

मी त्या संध्याकाळी फ्लॉवर निवडला, एक डबा भरला आणि समोरच्या वहिनींकडे गेले. मला विचारायचं होतं. भांडण करायचं नव्हतं, खरंच विचारायचं होतं, की रिकामं देताना काय वाटलं.

वहिनींनी दार उघडलं आणि माझ्या हातातला डबा बघून त्या आधी पदराशी खेळल्या.

"अहो, मी पाऊण तास तो डबा घेऊन ओट्यापाशी उभी होते," त्या म्हणाल्या. "गोड नको म्हटल्यावर घालायचं काय? पापड तळून द्यावे तर तेल. चिवडा द्यावा तर तेल. शेवटी यांना विचारलं, तर हे म्हणाले, ग्रुपवर लिहिलंय ना, रिकामा दे. पुरुषांना काय कळतं. मला रात्री जेवण गेलं नाही."

"मटकी आहे घरात?" मी विचारलं.

"आहे की."

"मग मूठभर मटकी घाला."

"कच्ची?" वहिनींचा चेहरा कठीण झाला. "शिधा दिल्यासारखं नाही का दिसणार? आईंना काय वाटेल?"

"साखर घालतो ती कुठे शिजवलेली असते?"

त्या विचारात पडल्या. मीही पडले, कारण हे उत्तर मला बोलताबोलता सुचलं होतं. साखर कच्ची असूनही शुभ, आणि मटकी कच्ची म्हणून दान, हे कुणी, कधी ठरवलं असेल? या विषयावर ग्रंथालयात काहीही नाही. मी नंतर शोधलं.

"मी स्वतः घेऊन येते उद्या," वहिनी म्हणाल्या.

त्या दुसऱ्या दिवशी आल्या. नेमका रविवार होता, मी घरीच होते. डब्यात मोड आलेली मटकी होती, त्यावर दोन लिंबं. डबा आईंच्या हातात देऊन त्या तिथेच पलंगाच्या कडेला बसल्या.

"आई, रागावलात?"

"म्या कशाला रागावू," आई डबा चाचपत म्हणाल्या. "आजारी माणसाला राग परवडतो व्हय?"

"एक सांगू का? मलाही आहे."

"काय?"

"शुगर. दोन वर्षं झाली. बिल्डिंगमध्ये कुणाला माहीत नाही. तुमच्या डब्यात शिरा घालायचा म्हणून मी शिरा करायची, आणि चव बघायची म्हणून..." वहिनी थांबल्या. "चव जरा जास्तच बघितली जायची."

आईंचा हात अंदाजाने पुढे गेला आणि वहिनींच्या गुडघ्यावर पडला.

"तरीच म्हटलं तूप कमी का घालते ही."

नवऱ्याच्या संदेशाचा एवढा एक फायदा मी आजही मान्य करते. पुढच्या आठवडाभरात समजलं की खालच्या मुख्याध्यापिका काकूंनाही आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या नोकरीवाल्या मुलीच्या सासऱ्यांनाही. सगळे आपापला आजार कडीकुलपात ठेवून एकमेकांना प्रेमाने गोड पाठवत होते.

त्यानंतर फ्लॉवर पुन्हा सुरू झाला आणि भांडी पुन्हा भरून येऊ लागली, फक्त आत निराळं. मूठभर हरभरे, शेंगदाणे, कढीपत्त्याच्या काड्या, ताज्या ताकाचं भांडं. खालच्या काकूंची सून सुरगाण्याकडची. तिच्या माहेरची नागली आमच्या डब्यातून येऊ लागली, आणि चक्कीवाल्याकडची नागली तिच्यापुढे किती म्हातारी होती ते कळलं. दुपारी आलेलं सगळं आई ओट्यावर मांडून ठेवायच्या, बोटांनी चाचपून, हुंगून. मी आले की जाहीर करायच्या.

"आज हरभरे आल्यात, ताक आलंय. भिजत घातल्यात. रातच्याला काय करायचं बोल."

तक्त्याचा क्रम उलटा झाला. आधी वार, मग पदार्थ, मग बाजार असा तो होता. आता आधी डबा, मग पदार्थ, आणि वार कुठला का असेना. किराण्याचा खर्च तेवढाच राहिला, उलट जरा कमीच; घरात साखर मात्र आणावी लागली. नवऱ्याने दोन आठवडे हे सहन केलं, मग तक्ता काढून मागच्या बाजूने मुलीच्या रसायनशास्त्राच्या सूत्रांसाठी वापरायला दिला. लॅमिनेशन त्यामुळे अगदीच वाया गेलं नाही.

आणि आई जेवू लागल्या. मला त्याचं कारण अजून नीट सांगता येणार नाही. दुपारी गोड नव्हतं म्हणून भूक लागत असेल. पण मला वाटतं, तक्त्यातलं जेवण त्यांच्यासाठी केलेलं होतं आणि डब्यांतलं जेवण त्यांनी आणलेलं होतं. दुसऱ्याने आखून दिलेल्या पथ्याची अर्धी भाकरी आणि आपण मिळवलेल्या हरभऱ्याच्या उसळीबरोबरची पूर्ण भाकरी, यांत डॉक्टरांच्या दृष्टीने काय फरक असतो ते तेच जाणोत. साडेसातला ताट पुढे आलं की त्या विचारायच्या, हे कुणाकडचं, आणि ज्याच्याकडचं असेल त्याच्या हाताबद्दल दोन शब्द बोलून खायच्या.

पुढची तपासणी आली. साखर खाली आली होती; फार नाही, पण डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, एवढी चालेल. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याची तारीख तेव्हाच मिळाली.

काळा चष्मा, थेंब, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, असे दिवस गेले. ज्या सकाळी नुसत्या डोळ्यांनी बघायची परवानगी मिळाली, त्या सकाळी मुलीने मोठ्या उत्साहाने पेपर आणून दिला. आईंनी बाजारभावाचं पान काढलं, कोथिंबीर बघितली, "पडली" म्हणाल्या आणि पेपर बाजूला ठेवला. आम्ही सगळे जरा हिरमुसलो. एवढं सगळं यासाठी?

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी भाजी चिरत होते. त्यांनी मांडणीवरचा एक डबा उचलला, खिडकीपाशी नेला आणि कडेला कोरलेलं नाव वाचायला लागल्या. आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घेतात, लग्नातली असतील तर तारखेसह.

"हा आपला नाय," त्या म्हणाल्या.

दुसरा घेतला. "हा खालच्या बाईंचा." मग तिसरा, चौथा. ओट्यावर दोन ओळी लागल्या. एक आमची, एक इतरांची, आणि इतरांची ओळ मोठी होती. घेरी येण्याच्या आणि डोळे नसण्याच्या त्या महिन्यांत कोण कुणाचा डबा घेऊन आलं, कुणालाच कळलं नव्हतं. मी जन्मभर पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत आले आणि रोज ज्यातून मटकी काढायची त्या डब्यावरचं एक नाव मी वाचलं नव्हतं.

"आणि माझा कडीचा डबा कुठं हाय?" आईंनी विचारलं.

कडीचा डबा त्यांच्या माहेरचा, लग्नातला. त्यावर त्यांचं माहेरचं नाव होतं. तो कुठे आहे हे मला माहीत नव्हतं.

"समोर असंल," त्या म्हणाल्या. मामाची गोणी आदल्याच दिवशी आली होती. फ्लॉवर संपून आता वांगी होती. त्यांनी इतरांच्या प्रत्येक भांड्यात वांगी भरली, एकावर एक रचून पदराखाली घेतली आणि दाराकडे निघाल्या. मी "आई, भिंत धरा" म्हणणार होते. पण त्यांचे दोन्ही हात भांड्यांना होते, आणि त्या सरळ चालत गेल्या.

समोरची बेल वाजली. दार उघडल्याचा आवाज आला.

"हा तुझा डबा," आईंचा आवाज. "वांगी हाय त्यात. आणि माझा कडीचा दे. आत्ताच दे, रिकामा दिला तरी चालंल."

"रिकामा कसा देऊ, आई?" वहिनी म्हणाल्या. "थांबा जरा."

मग आतून झाकणं उघडल्याचे आवाज येऊ लागले. रात्रीच्या साडेसातला अजून अख्खा दिवस होता. मी हातातली भाजी तशीच ठेवली, गॅस बारीक केला आणि काय येतंय ते बघायला दारात जाऊन उभी राहिले.